मागच्या सस्पेन्शनला एअर स्प्रिंग बसवण्यापूर्वी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपूरहून चिखलदऱ्याला किंवा पेंचच्या बाजूला चार दिवसांच्या मुक्कामासाठी निघताना गाडीत माणसे, तंबू, पाण्याचे कॅन आणि शेगडी असे सगळे चढले की गाडी मागून बसते, आणि समोरचे वाहनचालक आपल्याला डिपर मारू लागतात. या तक्रारीवर मागच्या अ‍ॅक्सलला हवेची स्प्रिंग बसवणे हा एक चांगला उपाय आहे. मात्र तो ज्या कामासाठी आहे त्याच कामासाठी वापरला तरच. माझ्या स्वतःच्या थारवर आणि हिंगणा भागातील एका छोट्या वर्कशॉपमध्ये मित्रांच्या गाड्यांवर हे काम करताना आणि करून घेताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले गेले, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत.

एअर स्प्रिंग म्हणजे नेमके काय? ती मूळ स्प्रिंगच्या जागी बसते की तिच्या जोडीला?

एअर स्प्रिंग म्हणजे जाड रबराची किंवा पॉलियुरेथेनची बंद पिशवी, जिच्यातील हवेचा दाब कमी-जास्त करून तिची ताकद बदलता येते. लांब पल्ल्याच्या आरामदायी बसगाड्यांच्या अ‍ॅक्सलवर जे काळे फुगीर रबर दिसते तेही हेच, आणि बसवाले त्याला सरळ ‘बलून’ म्हणतात. अपघातात स्टिअरिंगमधून उघडणाऱ्या एअरबॅगशी याचा काहीही संबंध नाही, हे सांगून ठेवणे बरे, कारण सुट्या भागांच्या दुकानात हा घोटाळा हमखास होतो.

या पृष्ठावर ज्या बदलाचा विचार केला आहे त्यात मूळ स्प्रिंग काढली जात नाही; बलून तिच्या मदतीला बसतो. मूळ स्प्रिंग पूर्ण काढून केवळ हवेवर गाडी तोलण्याची पद्धतही जुनी आहे. कॅडिलॅकने १९५७ मध्ये एका मोटारीत चारही चाकांना ती दिली होती, आणि रेंज रोव्हरमध्ये ती १९९० च्या दशकाच्या सुरुवातीस आली. परंतु त्या पद्धतीत उंची मोजणारे सेन्सर, कंप्रेसर आणि नियंत्रक हे सर्व एकमेकांशी जुळलेले असावे लागते, आणि हवा गेली की गाडी थेट बंप स्टॉपवर, म्हणजे स्प्रिंग पूर्ण दाबली गेल्यावर धक्का झेलणाऱ्या शेवटच्या रबरी ठोकळ्यावर, बसते. मेळघाटाच्या आतल्या रस्त्यावर, जिथे मोबाइललाही रेंज नसते, तिथे हा धोका पत्करावा असे मला वाटत नाही. जोडीला बसवलेला बलून फुटला तरी मूळ स्प्रिंग जागेवर असते आणि गाडी घरी येते.

माझ्या गाडीला कोणत्या प्रकारचा बलून लागेल?

गाडीखाली वाकून पाहा. मागे गोल कॉइल असेल तर कॉइलच्या पोकळीत बसणारा लंबगोल बलून लागतो. २०२० नंतरची थार, जिमनी, गुरखा, स्कॉर्पिओ-एन आणि फॉर्च्युनर या गाड्या या गटात मोडतात. मागे पाटे (एकावर एक ठेवलेल्या पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग) असतील तर अ‍ॅक्सल आणि चेसिस (गाडीचा खालचा पोलादी सांगाडा) यांच्यामध्ये कंसावर बसणारा, एक किंवा दोन वळ्यांचा जाड बलून लागतो. जिप्सी, बोलेरो, २०२० पूर्वीची थार, हायलक्स आणि व्ही-क्रॉस या गाड्या पाट्यांच्या आहेत.

पाट्यांच्या गाडीतील पाटे काढून टाकून केवळ बलून ठेवावेत का, असे काही उत्साही मंडळी विचारतात. तसे करता येत नाही. पाटा केवळ वजन पेलत नाही. अ‍ॅक्सलला पुढे-मागे आणि आडवे सरकू न देण्याचे कामही तोच करतो. पाटे काढले तर त्या कामासाठी वेगळे लिंक आणि आडवा रॉड बसवावा लागेल, आणि मग तो सगळा नव्याने रचलेला सांगाडा होईल.

हे बसवल्यावर गाडीला जास्त वजन नेता येईल का?

नाही. या एका प्रश्नाचे उत्तर नीट समजले तर बाकीचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात.

गाडी किती वजन नेऊ शकते हे स्प्रिंगवरून ठरत नाही. अ‍ॅक्सलची नळी, चाकांचे बेअरिंग, टायर, ब्रेक आणि चेसिस यांपैकी जो भाग सर्वांत कमजोर असेल त्यावरून निर्मात्याने एकूण वजनाची मर्यादा ठरवलेली असते. बलूनने यातील एकही भाग मजबूत होत नाही. तो फक्त भरलेल्या गाडीची मागची बाजू पुन्हा तिच्या मूळ उंचीला आणतो. म्हणूनच तो थोडा फसवाही आहे. पूर्वी गाडी मागून बसली की डोळ्यांना दिसत होते आणि माणूस दोन पेट्या उतरवत होता. आता गाडी सरळ उभी दिसते आणि वजन मात्र तेवढेच असते.

काटोल-नरखेडकडच्या एका बागायतदाराने मला पिकअपच्या बाबतीत नेमके हेच विचारले होते. कळमन्याच्या बाजारात जाताना हौद्यात संत्र्याचे क्रेट एक थर जास्त लावता आले तर एक फेरी वाचेल, असा त्यांचा हिशेब होता. हिशेब चुकीचा नव्हता, पण त्याचे उत्तर बलून नव्हते. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर मर्यादेपेक्षा जास्त माल नेल्यास २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला आणखी २,००० रुपये दंड आहे, आणि वजनकाटा गाडीची उंची पाहत नाही.

मग याचा खरा उपयोग कोणाला?

ज्याच्या गाडीवरचा भार दररोज सारखा नसतो त्याला. आठवडाभर एकटा माणूस सदरवरून बुटीबोरीला जातो आणि शनिवारी तीच गाडी पाच माणसे व मुक्कामाचे सामान घेऊन निघते, अशा गाडीला कडक कॉइल बसवली तर आठवड्याचे पाच दिवस कंबर दुखते आणि मऊ ठेवली तर शनिवारी गाडी बसते. हवा कमी-जास्त करून हा पेच सुटतो.

याउलट, ज्याने गाडीवर कायमचा टपावरचा तंबू, लोखंडी बंपर, दुसरी बॅटरी आणि पाण्याची टाकी चढवून ठेवली आहे, त्याचे वजन कायमच वाढलेले आहे. त्याने त्या वजनाला साजेशी कॉइल किंवा जादा पाटा बसवावा. दुकानदार त्यालाही बलूनच विकतो, ही गोष्ट वेगळी.

आधी काय मोजावे?

दोन गोष्टी: उंची आणि वजन. सपाट जागी, टाकी भरलेली आणि गाडी रिकामी असताना चाकाच्या मध्यापासून सरळ वर मडगार्डच्या कमानीपर्यंतचे अंतर चारही चाकांवर मोजून लिहून ठेवावे. जमिनीपासून मोजू नये, कारण टायरमधील हवेने तो आकडा बदलतो. मग प्रवासाचे पूर्ण सामान भरून आणि माणसे बसवून पुन्हा तेच चार आकडे घ्यावेत. मागे किती सेंटीमीटर बसली आणि पुढे किती उचलली, हे दोन्ही कळते.

वजनासाठी वाडी किंवा कळमना भागातील कोणत्याही वजनकाट्यावर जावे. आधी पूर्ण गाडी आणि नंतर फक्त मागची चाके काट्यावर ठेवून दोन पावत्या घ्याव्यात. बहुतेकांना पहिला धक्का येथेच बसतो. २० लिटरचा पाण्याचा कॅन म्हणजे २० किलो, डिझेलचा तेवढाच कॅन सुमारे १७ किलो, आणि टपावरचा तंबू ५०-६० किलोंचा. बेरीज पाहता पाहता दोनशेच्या पुढे जाते.

त्यातही सामान कुठे ठेवले आहे याला फार महत्त्व आहे. थारच्या दोन अ‍ॅक्सलमधील अंतर २,४५० मिलिमीटर आहे. मागच्या अ‍ॅक्सलच्याही मागे ८० सेंटीमीटरवर, म्हणजे बंपरवरच्या कॅरियरवर, १०० किलो ठेवले तर मागच्या अ‍ॅक्सलवर १०० नव्हे तर सुमारे १३३ किलो वाढतात आणि पुढच्या चाकांवरून सुमारे ३३ किलो कमी होतात. तराजूचा हा साधा नियम आहे. बलूनमध्ये हवा भरून मागची बाजू वर आणली तरी ते ३३ किलो पुढच्या चाकांवर परत येत नाहीत. स्टिअरिंग हलके लागते, ब्रेक मारल्यावर पुढची चाके लवकर घसरतात, आणि हे सगळे गाडी दिसायला अगदी सरळ असताना घडते. म्हणून जड वस्तू मागच्या सीटच्या पाठीला टेकवून, जितक्या पुढे आणि खाली ठेवता येतील तितक्या ठेवाव्यात. बलूनचा विचार त्यानंतर.

बलून बसवल्यावर गाडी मऊ चालेल का?

भार असताना ती सावरलेली चालते, मऊ नव्हे. रिकाम्या गाडीत जास्त हवा ठेवली तर ती आधीपेक्षा कडक लागते.

हवा किती ठेवावी?

कॉइलच्या आत बसणाऱ्या बलूनची मर्यादा सर्वसाधारणपणे ५ ते ३५ पीएसआय (टायरची हवा मोजतात तेच दाबाचे एकक) असते, आणि पाट्यांच्या गाडीच्या जाड बलूनची ५ ते १०० पीएसआय. आपल्या बलूनवर किंवा त्याच्या कागदावर जो आकडा छापला असेल तोच अंतिम मानावा. खालची ५ ची मर्यादा वरच्या मर्यादेइतकीच महत्त्वाची आहे, कारण हवा नसलेला बलून कॉइलच्या वळ्यांत चिमटला जातो, त्याला घडी पडते आणि त्या घडीवरच तो फाटतो.

अंदाज येण्यासाठी एक आकडा लक्षात ठेवावा. १० सेंटीमीटर व्यासाच्या बलूनमध्ये ३० पीएसआय हवा असेल तर तो एका बाजूला साधारण १६५ किलो उचलतो. प्रत्यक्ष बलूनचा व्यास दाबानुसार आणि कॉइलच्या पोकळीनुसार थोडा बदलतो, त्यामुळे हा अंदाजच आहे. पण ५० किलोंच्या सामानासाठी ३० पीएसआय भरणारे मला वरचेवर भेटतात, आणि त्यांना हा हिशेब दाखवावा लागतो.

योग्य दाब शोधण्याची पद्धत अशी. सामान भरून गाडी उभी करावी, १० पीएसआयपासून सुरुवात करून थोडी थोडी हवा वाढवावी, दर वेळी गाडी दोन-चार मीटर पुढे-मागे करून सस्पेन्शन बसू द्यावे आणि मडगार्डची उंची मोजावी. रिकाम्या गाडीच्या उंचीपेक्षा एक-दोन सेंटीमीटर कमी भरली की थांबावे. तिथून पुढे भरलेली प्रत्येक पीएसआय आपल्याच पाठीला जाणवते. तो आकडा डॅशबोर्डच्या कप्प्यातील वहीत सामानाच्या यादीसह लिहून ठेवला की पुढच्या वेळी हा उद्योग करावा लागत नाही.

सामान उतरवल्यावर हवा कमी करणे ही सर्वांत जास्त विसरली जाणारी गोष्ट आहे. एकदा परत येताना मी सगळे सामान अमरावतीला मेहुण्याकडे उतरवले आणि २८ पीएसआयवर तशीच रिकामी गाडी घेऊन निघालो. नागपूर येईपर्यंत रस्त्याच्या प्रत्येक सांध्यावर मागचा भाग खेचरासारखा उसळत होता आणि ओल्या वळणावर मागची चाके एकदा बाजूलाही सरकली. चूक माझीच होती.

हवा भरण्याबाबत एक बारीक सूचना आहे. बलूनमध्ये मावणारी हवा टायरच्या मानाने अगदीच थोडी असते. पेट्रोल पंपावरच्या कंप्रेसरची नळी लावली की डोळ्याचे पाते लवते न लवते तोच दाब मर्यादेबाहेर जातो, आणि नुसते दाब मोजण्याचे मापक लावून काढले तरी दोन-तीन पीएसआय कमी होतात. म्हणून सायकलचा हातपंप किंवा पायपंप बरा. मापक लावताना होणारी घट आपल्या मापकाची एकदा तपासून तेवढी हवा जास्त भरावी.

नागपूरच्या उन्हाळ्यात दाब वाढून बलून फुटणार नाही का?

दाब वाढतो, पण भीती वाटते तितका नाही. बंद पिशवीतील हवेचा एकूण दाब (मापकावरचा दाब अधिक बाहेरच्या हवेचा दाब) तिच्या निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात वाढतो. जानेवारीच्या सकाळी १० अंशांना २० पीएसआय भरलेला बलून मे महिन्याच्या दुपारी ४५ अंशांना साधारण २४ पीएसआय दाखवेल. सिमेंटच्या रस्त्यावरून येणारी धग धरली तर आणखी एक-दोनची भर पडेल. यावरून नियम निघतो तो इतकाच की ३५ ची मर्यादा असलेल्या बलूनमध्ये उन्हाळ्यात सकाळी ३५ भरू नये. २८-३० ला थांबावे. चिखलदऱ्यासारख्या सुमारे १,१०० मीटर उंचीच्या जागी बाहेरच्या हवेचा दाब कमी झाल्याने मापकावर आणखी एखादी पीएसआय जास्त दिसते, पण तिथल्या गारव्याने ती भरून निघते.

दोन्ही बलून एकाच नळीला जोडावेत की स्वतंत्र ठेवावेत?

स्वतंत्र. एकाच नळीला जोडले तर वळणावर दाबल्या जाणाऱ्या बाजूची हवा दुसऱ्या बाजूला पळते आणि गाडी आणखी कलते. टपावर सामान असेल तर हे चांगलेच जाणवते. खडकांवरून संथपणे जाताना मात्र हीच गोष्ट सोयीची ठरते, कारण चाके वर-खाली मोकळी हलतात. दोन्ही सुख हवे असेल तर मध्ये बंद-चालू होणारा वॉल्व टाकता येतो, परंतु मला तरी तो एक गळतीचा जादा सांधा वाटतो. स्वतंत्र नळ्यांचा आणखी एक फायदा असा की एका बाजूला टाकी किंवा जड पेटी असेल तर त्या बाजूला दोन-तीन पीएसआय जास्त ठेवता येतात.

कॉइलच्या गाडीत बलून बसवण्याचे काम कसे होते?

काम अवघड नाही, पण घाईचे नाही. चेसिसला दोन्ही बाजूंनी भक्कम स्टँड लावावेत. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली शिरू नये. पुढच्या चाकांना दगड किंवा लाकडी ओंडके लावावेत. त्यानंतर शॉकअपचे (स्प्रिंगची उसळी आवरणाऱ्या नळकांड्याचे) खालचे बोल्ट सोडून अ‍ॅक्सल हळूहळू खाली सोडावा. येथे ब्रेकची रबरी नळी आणि एबीएसची (ब्रेक मारताना चाके अडकू न देणाऱ्या यंत्रणेची) तार यांच्यावर ताण येत नाही ना, हे डोळ्यांनी पाहत राहावे, कारण अ‍ॅक्सलचे सगळे वजन त्यांच्यावर लटकले तर त्या आतून निकामी होतात आणि बाहेरून काहीच दिसत नाही.

काही गाड्यांत बंप स्टॉपचे रबर कॉइलच्या आतच असते. बलूनच्या निर्मात्याने त्या गाडीसाठी ते काढायला किंवा कापायला सांगितले असेल तरच तसे करावे. मिस्त्रीच्या अंदाजाने करू नये.

बलूनमधील हवा पूर्ण दाबून काढावी, तोंडाला टोपी लावावी म्हणजे तो परत फुगणार नाही, आणि मग पोळीच्या गुंडाळीसारखा लांबट वळून कॉइलच्या वळ्यांमधून आत सारावा. आत गेल्यावर टोपी काढली की तो आपला आकार घेतो. नळीचे तोंड निर्मात्याने सांगितलेल्या बाजूला असावे आणि ती कॉइलच्या बैठकीतून बाहेर येते तिथे धारदार कडेवर घासू नये. बलून कॉइलमध्ये नसताना बाहेर जमिनीवर फुगवून पाहण्याचा मोह आवरावा; त्याला कॉइलचा आधार नसेल तर तो थोड्याच दाबाला फुटू शकतो आणि जवळच्या माणसाला इजा होते.

नायलॉनची नळी कापण्याला मी इतर कशाहूनही जास्त जपतो. पकडीने कापलेल्या नळीचे तोंड चपटे होते आणि सांध्यात बसल्यावर तिथून हवा झिरपते. नव्या धारेच्या पात्याने, नळी लाकडावर ठेवून, अगदी काटकोनात कापावी. सांध्यात ती पूर्ण आत जाईपर्यंत दाबावी आणि परत ओढून पाहावी. हवा भरण्याचे वॉल्व मागच्या नंबर प्लेटजवळ किंवा बंपरच्या आतल्या बाजूला, चिखल उडणार नाही अशा ठिकाणी लावावेत. ते टायरच्या वॉल्वसारखेच असतात.

शेवटी ३० पीएसआय भरून सगळ्या सांध्यांवर साबणाचे पाणी सोडावे. बुडबुडा दिसला नाही तरी गाडी रात्रभर तशीच ठेवावी आणि सकाळी, साधारण त्याच तापमानाला, पुन्हा मापक लावावे. मापक लावताना होणाऱ्या घटीपेक्षा जास्त फरक पडला तर कुठेतरी गळती आहे. शॉकअपचे बोल्ट गाडी चाकांवर उभी केल्यानंतरच पूर्ण आवळावेत. लटकत्या अवस्थेत आवळले तर बुश (बोल्टभोवतीचे रबर) पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो.

यानंतर कधीही चेसिसखाली जॅक लावून मागची बाजू उचलायची असेल तर आधी बलूनची हवा ५ पीएसआयपर्यंत खाली आणावी. पंक्चरवाल्याला हे माहीत नसते, आपण सांगावे लागते.

एक्झॉस्टजवळून नळी गेली तर चालेल का?

चालणार नाही. बलून आणि नळी दोन्ही एक्झॉस्टपासून किमान १५ सेंटीमीटर दूर असाव्यात, आणि तेवढी जागा नसेल तर मध्ये पत्र्याचा उष्णतारोधक लावावा. बीएस-६ डिझेल गाड्यांत हा मुद्दा अधिकच गंभीर आहे. त्यांतील काजळीचा फिल्टर स्वतःला जाळून स्वच्छ करतो तेव्हा आतील तापमान ५५० ते ६०० अंशांपर्यंत जाते, आणि ते चढावरच नव्हे तर सपाट रस्त्यावरही, आपल्याला नकळत, कधीही घडू शकते.

ब्रेकवर काही परिणाम होतो का?

काही गाड्यांत, विशेषतः पिकअपमध्ये, होतो, आणि याविषयी फारसे कोणी बोलत नाही. अशा गाड्यांत मागच्या ब्रेकला किती दाब द्यायचा हे ठरवणारा एक वॉल्व चेसिसवर असतो आणि तो एका दांडीने अ‍ॅक्सलला जोडलेला असतो. हा वॉल्व भार मोजत नाही. तो चेसिस आणि अ‍ॅक्सल यांमधील अंतर मोजतो. अंतर कमी झाले म्हणजे भार आला असे समजून तो मागच्या ब्रेकला जास्त दाब देतो. बलूनने भरलेल्या गाडीचे अंतर पुन्हा वाढवले की या वॉल्वला गाडी रिकामी वाटते. परिणामी गाडी पूर्ण भरलेली असताना मागचे ब्रेक कमी लागतात आणि थांबण्याचे अंतर वाढते. गाडीखाली अशी दांडी दिसली तर निर्मात्याच्या सर्व्हिस पुस्तिकेप्रमाणे ती नव्याने जुळवून घेतल्याशिवाय बलून वापरू नये.

हेडलाइटही पुन्हा जुळवावेत. समृद्धी महामार्गावर मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. त्या वेगाला मागून बसलेली गाडी जशी धोक्याची, तशीच मागून उचललेलीही. भारानुसार टायरमधील हवाही वाढवावी लागते. बलून टायरचे काम करत नाही.

शॉकअप बदलावे लागतील का?

मूळ शॉकअप चांगल्या स्थितीत असतील आणि हवा बेताची असेल तर नाही. स्प्रिंग कडक झाली की ती दाबल्यानंतर जास्त जोराने परत उसळते आणि ती उसळी आवरण्याचे काम शॉकअपचे असते. स्पीड ब्रेकर ओलांडल्यावर मागची बाजू एकदा वर येऊन थांबण्याऐवजी दोन-तीनदा हलत राहिली तर शॉकअप कमी पडत आहेत असे समजावे.

केवळ गाडी उंच दिसावी म्हणून बसवले तर?

बसवू नये. रिकाम्या गाडीत हवा भरून मागची बाजू चार-पाच सेंटीमीटर उचलली तर प्रॉपेलर शाफ्टचे (इंजिनची ताकद मागच्या चाकांकडे नेणाऱ्या दांड्याचे) कोन बदलतात, आडव्या रॉडच्या गाडीत अ‍ॅक्सल एका बाजूला सरकतो, आणि चाक खाली सुटण्यासाठी उरलेली जागा संपते, म्हणजे ज्या खाचखळग्यांसाठी उंची हवी होती तिथेच चाक हवेत राहते.

गाडीला आधीच लिफ्ट किट (उंची वाढवणारा संच) असेल तर कॉइलची लांबी वाढलेली असते, आणि आखूड बलून चाक खाली सुटल्यावर आत सैल होऊन तिरका बसतो. अशा गाडीला त्या लांबीचाच बलून किंवा सोबत दिलेला स्पेसर (उरलेली जागा भरणारा ठोकळा) लागतो.

पाट्यांच्या पिकअपला बसवताना चेसिसची काळजी का घ्यायची?

पाटा आपला भार चेसिसवर दोन ठिकाणी देतो: पुढच्या पिनवर आणि मागच्या शॅकलवर (पाट्याचे टोक चेसिसला जोडणाऱ्या हलत्या कडीवर). मध्ये बसवलेला बलून तोच भार अ‍ॅक्सलच्या बरोबर वर, एका ठिकाणी देतो. हौद्याच्या मागच्या टोकाला जड माल असेल आणि बलूनमध्ये खूप हवा असेल तर चेसिस त्या बिंदूभोवती वाकण्याचा प्रयत्न करते. डबल कॅबच्या पिकअपमध्ये, जिथे हौद्याचा बराच भाग अ‍ॅक्सलच्या मागे असतो, चेसिस वाकल्याची आणि तडे गेल्याची उदाहरणे ऑस्ट्रेलियातील लांबच्या प्रवासांतून पुष्कळ पुढे आली आहेत. मनसर-कांद्रीकडच्या मँगनीज खाणींच्या उखडलेल्या रस्त्यांवरही हे होऊ शकते. तिथे भार पाट्यांनीच उचलावा आणि बलूनने शेवटची दोन-तीन सेंटीमीटर तेवढी सावरावीत. चेसिसला कंस लावण्यासाठी वेल्डिंग करू देऊ नये. नटबोल्टने आवळणारा कंस घ्यावा.

पाट्यांच्या गाडीत आणखी एक अडचण आहे. खड्ड्यात चाक पूर्ण खाली सुटले की दोन्ही टोकांना पक्का बांधलेला बलून त्याच्या कमाल लांबीपेक्षा जास्त ताणला जातो आणि तळाशी उखडतो. खडकाळ वाटेने जाणाऱ्यांनी खालच्या टोकाला मोकळा सुटणारा बलून घ्यावा किंवा अ‍ॅक्सलला मर्यादेचा पट्टा लावावा.

काळ्या मातीच्या चिखलाने काय होते?

चिखल ओला असताना काहीच होत नाही. आपली काळी माती कॉइल आणि बलून यांच्यामध्ये भरते, वाळते, दगडासारखी होते आणि मग प्रत्येक धक्क्याला बलूनची त्वचा घासत राहते. कन्हानच्या पात्रातील वाळू त्याहून वाईट. पावसाळ्यातील प्रत्येक सहलीनंतर कॉइलच्या आत पाण्याचा फवारा मारून माती काढावी. मात्र कारवॉशच्या जोरदार धारेचे तोंड बलूनला अगदी टेकवू नये. अंगणात गाडी उभी राहत असेल तर उंदरांचा विचार करावा. माझी एक नळी त्यांनी कुरतडली होती, आणि दोन दिवस मी गळती सांध्यात शोधत होतो.

गाडीतच कंप्रेसर आणि डॅशबोर्डवर बटणे लावावीत का?

आठवड्यातून अनेकदा भार बदलत असेल तर लावावीत; महिन्यातून एक सहल असेल तर हातपंप पुरे. लावायचेच असेल तर बॅटरीपासून थेट, फ्यूज आणि रिले घालून, वेगळी वायर घ्यावी आणि कंप्रेसरला हवा आत घेण्याची वाट उंचावर, कोरड्या जागी ठेवावी. पावसाळ्यात ओली हवा आत गेली की नळ्यांत पाणी साचते आणि वॉल्व गंजतात.

आरटीओ आणि विमा यांचे काय?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील आणि निर्मात्याने मूळ दिलेला तपशील यांत तफावत पडेल असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निकालात ही भूमिका कडकपणे घेतली आहे. कलम १८२-अ खाली परवानगीबाहेरच्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. म्हणून चेसिस कापणे, छिद्रे पाडणे, उंची वाढवणे यांच्या वाटेला जाऊ नये. मूळ भागांना धक्का न लावता कॉइलच्या आत बसणारा आणि अर्ध्या तासात काढता येणारा बलूनही अनुमती आहे असे गृहीत धरून बसवू नये. गाडीची नोंदणी एमएच-३१, एमएच-४९ किंवा एमएच-४० यांपैकी ज्या कार्यालयाची असेल तिथे लेखी विचारणा करावी आणि उत्तर जपून ठेवावे. विमा कंपनीलाही लेखी कळवावे, कारण न कळवलेला बदल हे दावा नाकारण्याचे सोपे कारण ठरते. गाडी वॉरंटीत असेल तर सस्पेन्शनशी संबंधित भागांच्या दाव्यावर वाद होण्याची तयारी ठेवावी. प्रवासी किंवा मालवाहू परवान्याच्या गाडीला फिटनेस तपासणीला जावे लागते, तेव्हा तिच्याबाबत आधी विचारल्याशिवाय काहीही करू नये.

प्रवासात बलून फुटला किंवा गळू लागला तर?

घाबरण्याचे कारण नाही. मूळ स्प्रिंग काम करतेच. गाडी बाजूला घेऊन आधी सांधे आणि नळी पाहावी, कारण बहुतेक वेळा बलून शाबूत असतो आणि हवा नळीतून किंवा वॉल्वच्या पिनेतून गेलेली असते. टूलकिटमध्ये एक मीटर नळी, दोन सरळ सांधे, वॉल्वच्या दोन पिना आणि नवे पाते ठेवले तर हे काम दहा मिनिटांचे आहे. बलूनच फाटला असेल तर दुसऱ्या बाजूचीही हवा ५ पीएसआयपर्यंत कमी करावी, म्हणजे गाडी एका बाजूला कलणार नाही. त्यानंतर जड सामान पुढे सरकवावे, टपावरचे खाली घ्यावे आणि हेडलाइटचे बटण फिरवून प्रकाशाचा झोत खाली आणून संथपणे निघावे. फाटलेला बलून कॉइलमध्ये लोंबत ठेवू नये. त्याचा तुकडा वळ्यांत अडकून आवाज करतो आणि दुसऱ्या दिवशी काढताना जास्त त्रास देतो.